ट्रेडमिलवर तुमचा वेग कोणता?

पावसाळा लागला की सकाळी रस्त्यावर चालणारी मंडळी जिमकडे वळतात. सोसायटीच्या व्यायामशाळेत एखाद-दोन ट्रेडमिल असतात आणि त्यांच्यापाशी नंबर लागतात. मशीनवर चढल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: स्पीड किती ठेवायचा? ट्रेनर येईल त्याला एकच आकडा सांगतो, शेजारी स्वतःचा आकडा सांगतो. मग कोणी पहिल्याच दिवशी सहावर सुरुवात करतं, दहाव्या मिनिटाला धापा टाकत उतरतं आणि आठवड्याभरात येणंच सोडून देतं. कोणी वर्षभर साडेतीनवर मोबाइल बघत चालतं आणि वजन, साखर, दम यांत काहीच फरक पडत नाही म्हणून हिरमुसतं. दोघांनीही मनापासून वेळ दिलेला असतो, तरी तो वाया जातो.

योग्य वेग ज्याचा त्याचा वेगळा असतो. वय, उंची, हृदयाची आणि फुप्फुसांची आजची ताकद, चालू असलेली औषधं, गुडघ्यांची अवस्था अशा अनेक गोष्टींवर तो ठरतो. शेजाऱ्याच्या पडद्यावर तो सापडत नाही. तो शोधायला अर्धा तास, एक घड्याळ आणि स्वतःचा आवाज एवढं पुरतं. कसं ते क्रमाने पाहू.

आधी तब्येतीचा हिशोब

भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्य देशांतल्या लोकांपेक्षा कमी वयात गाठतो, हे आता पुरेसं सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब यांपैकी काही असेल, घरात कमी वयात कोणाला झटका आला असेल, जिना चढताना छातीत दडपण येत असेल किंवा बरीच वर्षं व्यायाम सुटलेला असेल, तर ट्रेडमिलवर चढण्याआधी डॉक्टरांना भेटा. ते कदाचित टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून करायची हृदयाची तपासणी, करायला सांगतील.

टीएमटीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ही तपासणी बहुतेक ठिकाणी अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलेल्या पद्धतीने होते. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ इथून होते आणि दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. हृदयावर जास्तीत जास्त ताण आला की ते कसं वागतं, हे ईसीजीवर पाहणं हा तिचा उद्देश असतो, आणि त्या वेळी प्रशिक्षित माणसं शेजारी उभी असतात. त्यामुळे टीएमटीत ज्या टप्प्याला पोहोचलात तो तुमचा रोजचा वेग नव्हे. अहवाल चांगला आला याचा अर्थ व्यायाम सुरू करायला हरकत नाही, इतकाच घ्यावा.

मशीनचा आकडा तपासून घ्या

पडद्यावरचा आकडा किलोमीटरमध्ये आहे की मैलांत, हे पहिल्या दिवशीच पाहा. बाहेरून आलेल्या बऱ्याच मशीनवर मैलांची मांडणी असते. मैलांचा ४ म्हणजे ताशी साधारण ६.४ किलोमीटर. आकडा ३ असताना तुम्हाला भराभर पाय उचलावे लागत असतील, तर मशीन मैल दाखवत असण्याची शक्यता मोठी आहे. या लेखातले सगळे आकडे ताशी किलोमीटरचे आहेत.

दुसरी गोष्ट म्हणजे दोन मशीनचे ५ सारखे असतीलच असं नाही. पट्टा जुना झाला, सैल झाला किंवा घरगुती मशीनची मोटर कमी ताकदीची असली, की वजन पडल्यावर पट्टा हळू होतो. शंका असेल तर मोजून पाहता येतं. मशीन बंद असताना पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा आणि कडेला खडूची खूण करा. मग कोणाला तरी ५ च्या वेगाने चालायला सांगून ती खूण एका मिनिटात किती वेळा फिरून येते ते मोजा. ताशी ५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मीटर. पट्टा ३ मीटरचा असेल तर खूण जवळजवळ २८ वेळा दिसायला हवी. २४-२५ वेळाच दिसली, तर मशीन सांगतंय त्यापेक्षा तुम्ही हळू चालता आहात. एवढा खटाटोप नको असेल तर निदान चाचणीसाठी दर वेळी एकच मशीन वापरा.

कॅलरीच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. तुमचं वजन मशीनला सांगितलेलं नसेल तर ते आपल्याच ठरलेल्या वजनावर हिशोब करतं. शिवाय तुम्ही दांडा धरून चालताय, हे त्याला कळत नाही.

शरीर काय सांगतं

श्रम किती होत आहेत हे कळायला तीन वाटा आहेत.

पहिली वाट श्वासाची, आणि सर्वांत भरवशाचीही तीच. चालताना सलग वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तेव्हा तुमचा व्यायाम मध्यम जोराचा आहे. गाणं आरामात म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर तो जोरकस व्यायाम झाला.

दुसरी वाट मनाच्या मोजपट्टीची. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी श्रमाची जाणीव आकड्यांत मांडण्याची पद्धत दिली. तिची सोपी आवृत्ती ० ते १० अशी आहे. ० म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं, १० म्हणजे आता एक पाऊलही टाकवत नाही. रोजच्या चालण्यात ३ ते ४ आणि जोराच्या दिवशी ५ ते ६ इतकी जाणीव असावी. सुरुवातीला हा आकडा ठरवणं अवघड वाटतं. दोन-तीन आठवडे रोज स्वतःला विचारत गेलात की तो सहज सांगता येऊ लागतो.

तिसरी वाट नाडीची. २२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या कमाल ठोक्यांचा अंदाज येतो. नुसत्या त्या आकड्याची टक्केवारी काढण्यापेक्षा सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी हिशोबात घेतली तर उत्तर तुमच्या जास्त जवळचं येतं. समजा वय ५० आहे आणि सकाळची नाडी ७० आहे. कमाल १७०, त्यातून ७० गेले, उरले १००. या १०० चे ४० ते ६० टक्के म्हणजे ४० ते ६०. ते पुन्हा ७० मध्ये मिळवले की ११० ते १३० हा मध्यम व्यायामाचा पल्ला मिळतो.

हा अंदाज आहे, हे विसरू नका. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत दहा-बाराचा फरक सहज असतो. मशीनच्या दांड्यावरचे नाडीचे पत्रे चालताना बऱ्याचदा चुकीचा आकडा दाखवतात. कडेच्या पट्टीवर उभं राहून मनगटाची नाडी लगेच १५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा. आणि महत्त्वाचं म्हणजे रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, बिसोप्रोलोल अशा गटातली गोळी चालू असेल तर नाडीचा हिशोब तुम्हाला लागूच होत नाही. ही औषधं ठोके मुद्दाम कमी ठेवतात. ठरलेला आकडा गाठायचा म्हणून वेग वाढवत नेलात तर धोका ओढवून घ्याल. अशा लोकांनी श्वासाचीच कसोटी धरावी.

अर्ध्या तासाची चाचणी

ट्रेडमिल तुम्हाला नवीन असेल तर चाचणी पहिल्याच दिवशी करू नका. पाय जागच्या जागी पडतात, आजूबाजूचं काही मागे सरकत नाही, म्हणून सुरुवातीला कमी वेगही जास्त वाटतो आणि शरीर आखडून राहतं. तीन-चार वेळा निवांत चालून पाय सरावले की मग चाचणी घ्या. जेवणानंतर दोन तास तरी गेलेले असावेत, झोप झालेली असावी आणि तापातून उठलेलं नसावं.

कडेच्या पट्ट्यांवर पाय ठेवून मशीन सर्वांत कमी वेगावर सुरू करा, सेफ्टी क्लिप कपड्याला लावा आणि मग पट्ट्यावर या. चढ शून्य ठेवा. पाच मिनिटं २.५ वर चाला. त्यानंतर ३ वर या आणि ३ मिनिटं चाला. तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी शाळेतली प्रतिज्ञा स्पष्ट आवाजात पूर्ण म्हणा. प्रतिज्ञा नको असेल तर बाराचा आणि तेराचा पाढा म्हणा, चालेल. म्हणून झाल्यावर स्वतःला विचारा: मी आरामात बोलू शकलो का?

उत्तर तीनपैकी एक येईल. ‘हो’, ‘हो, पण’ किंवा ‘नाही’. ‘हो’ किंवा ‘हो, पण’ आलं तर वेग अर्ध्याने वाढवा, पुन्हा ३ मिनिटं चाला, पुन्हा म्हणा. म्हणजे ३, ३.५, ४, ४.५ असं जात राहायचं. प्रत्येक टप्प्याचं उत्तर वहीत किंवा मोबाइलवर नोंदवायला कोणी सोबत असेल तर उत्तम. ‘नाही’ आलं की चाचणी संपली. वेग हळूहळू उतरवत पाच मिनिटं चालून मगच थांबा.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-ला क्रॉस विद्यापीठातल्या संशोधकांनी हीच रीत पारखली. तिथे माणसांना त्यांच्या देशाची प्रतिज्ञा म्हणायला लावली आणि त्याच वेळी श्वासातल्या वायूंचं मोजमापही केलं. ज्या टप्प्यावर बोलणं जड व्हायला लागतं, साधारण तिथेच शरीराच्या श्वासोच्छ्वासाची घडी बदलते आणि व्यायाम मध्यमाकडून जोराकडे झुकतो, असं त्यांना आढळलं. प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राच्या बऱ्यापैकी जवळ जाणारं उत्तर तुमचा आवाज फुकट देतो.

आता निकाल वाचू. ज्या वेगाला शेवटचं स्वच्छ ‘हो’ आलं, तो तुमचा रोजचा वेग. ज्या वेगाला ‘हो, पण’ आलं, तो तुमचा जोराचा वेग. आठवड्यातून एक-दोनदा, थोड्या थोड्या वेळासाठी तो वापरायचा. ‘नाही’चा वेग सध्या बाजूला ठेवायचा. हे तीन आकडे तारखेसह लिहून ठेवा.

साठी ओलांडलेल्यांनी किंवा आजारातून उठलेल्यांनी चाचणी २ पासून सुरू करावी आणि घरातलं कोणी जवळ असू द्यावं. जे नियमित पळतात त्यांनी ५ पासून सुरुवात करून दर टप्प्याला १ ने वाढवावं, नाहीतर चाचणी लांबत जाते.

साधारण कोण कुठे असतं

चाचणी न करता आकडा उचलायचा नाही, पण आपलं उत्तर वाजवी आहे का, हे पडताळायला काही अंदाज उपयोगी पडतात. बरीच वर्षं बैठं काम केलेल्या, वजन जास्त असलेल्या किंवा वयस्क माणसाचा रोजचा वेग बहुधा ३ ते ४ मध्ये येतो. घरकाम, बाजारहाट, स्टेशनपर्यंतची पायपीट अशी हालचाल असलेल्यांचा ४ ते ५. नेमाने भरभर चालणाऱ्यांचा ५ ते ६, काहींचा साडेसहापर्यंत. सावकाश पळणारे ७.५ ते ९ वर असतात आणि सराव असलेले धावपटू त्याच्या पुढे.

तुमचा आकडा खालच्या गटात आला तर वाईट वाटून घेऊ नका. जो माणूस ३.५ वर मध्यम श्रम करतोय, त्याच्या हृदयाला मिळणारा व्यायाम आणि ५.५ वर मध्यम श्रम करणाऱ्याच्या हृदयाला मिळणारा व्यायाम सारख्याच मोलाचा आहे. उंचीचाही भाग असतो. पाच फुटांच्या बाईला ५.५ वर जेवढ्या झपाट्याने पावलं टाकावी लागतात, तेवढी पावणेसहा फुटांच्या पुरुषाला लागत नाहीत. नवराबायकोने एकमेकांच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही.

पावलं मोजूनही पडताळा घेता येतो. प्रौढांमध्ये मिनिटाला १०० च्या आसपास पावलं पडू लागली की चालणं साधारण मध्यम जोराचं होतं, असं संशोधन सांगतं. १५ सेकंदांत २५ पावलं मोजा, झालं.

कमी वेगात चरबी जास्त जळते, म्हणून मुद्दाम हळू चाला, असा सल्ला जिममध्ये सर्रास मिळतो. कमी श्रमात खर्च होणाऱ्या ऊर्जेतला चरबीचा वाटा मोठा असतो हे खरं, पण एकूण खर्चच कमी असतो. वजनासाठी शेवटी महत्त्वाचं ठरतं ते आठवड्याभरात एकूण किती चाललात आणि काय खाल्लंत.

किती वेळ आणि वाढ कशी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेलं प्रमाण असं आहे: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास चाललात तर किमान मर्यादा पूर्ण होते. सुरुवातीला अर्धा तास जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा.

प्रत्येक वेळी पहिली पाच मिनिटं रोजच्या वेगापेक्षा एक-दीडने कमी ठेवा आणि शेवटची पाच मिनिटंही तशीच. एकदम थांबलात तर पायांत उतरलेलं रक्त परत वर यायला वेळ लागतो आणि चक्कर येऊ शकते. बरेच जण मशीनवरून उतरताना पडतात, ते यामुळेही.

वाढवायच्या गोष्टी तीन आहेत: वेळ, चढ आणि वेग. एका वेळी एकच वाढवा आणि त्याच क्रमाने वाढवा. आधी वेळ २० वरून ३० आणि ४० मिनिटांपर्यंत न्या. ते सोपं वाटू लागलं की चढ १, मग २ करा. त्यानंतर वेगाला हात लावा आणि तोही ०.२ किंवा ०.३ ने. प्रत्येक वाढीनंतर निदान आठवडा-दोन आठवडे तिथेच राहा. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारू लागतात, पण स्नायूबंध, सांधे आणि हाडं यांना नव्या भाराची सवय व्हायला जास्त काळ लागतो. दम पुरतो म्हणून वेग वाढवत जाणाऱ्यांच्या नडग्या आणि टाचा दुखायला लागतात, त्याचं कारण हेच.

सहा आठवड्यांनी तीच चाचणी, त्याच मशीनवर, त्याच वेळी पुन्हा घ्या. ‘हो’चा वेग अर्ध्यानेही वाढला असेल तर ती खरी कमाई आहे.

जोराचा वेग वापरण्याची एक चांगली रीत जपानमधल्या शिन्शू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवली आहे. ३ मिनिटं भरभर, ३ मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस. मध्यमवयीन आणि ज्येष्ठ लोकांनी पाच महिने हे केल्यावर त्यांच्या मांड्यांची ताकद वाढली आणि रक्तदाब उतरला. तुमच्यासाठी भरभर म्हणजे ‘हो, पण’चा वेग आणि सावकाश म्हणजे त्यापेक्षा दीड-दोनने कमी. सुरुवात आठवड्यातून एक-दोन दिवस आणि तीन फेऱ्यांपासून करा.

चढाची ताकद

गुडघे कुरकुरत असतील, वेग वाढवला की पाय अडखळत असेल, तर चढ हा मोठा आधार आहे. ताशी ५ च्या वेगाने सपाटीवर चालताना शरीर जेवढा प्राणवायू वापरतं, त्याच्या दीडपटीहून अधिक तो ५ टक्के चढावर लागतो, आणि पाय मात्र त्याच गतीने पडत राहतात. म्हणजे न पळता पळण्याच्या दिशेने जाणारा व्यायाम होतो. चढ वाढवला त्या दिवशी वेग अर्धा ते एकने उतरवा आणि श्वासाची कसोटी पुन्हा घ्या. फार मोठा चढ सतत ठेवला तर पोटऱ्या, टाचेमागची शीर आणि कंबर यांवर ताण येतो, म्हणून रोज तो ठेवू नका.

सिंहगडाची वाट, साताऱ्याची डोंगरातली अर्धमॅरेथॉन किंवा सुट्टीतला एखादा ट्रेक मनात असेल तर ८ ते १२ टक्के चढावर ३ ते ४ च्या वेगाने केलेला सराव सपाटीवरच्या पळण्यापेक्षा जास्त कामाला येतो. वारीची तयारी करणाऱ्यांनी वेगाच्या मागे लागूच नये. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर दिवसामागून दिवस चालायचे असतात. त्यासाठी आपल्या ‘हो’च्या वेगापेक्षा थोडं कमीच ठेवून वेळ वाढवत न्यावा आणि दिवे घाटासाठी अधूनमधून चढ लावावा. मात्र बहुतेक मशीनवर उताराचा सराव होत नाही. त्यासाठी रस्त्यावर किंवा टेकडीवर जायलाच हवं.

चढ लावून पुढचा दांडा घट्ट धरून मागे रेललात तर सगळा फायदा जातो. तोल जात असेल, वय जास्त असेल तर बोटं हलकी टेकवा, त्यात कमीपणा काही नाही. पण दांड्याला लटकूनच चालता येत असेल तर तो वेग किंवा तो चढ तुमच्यासाठी जास्त आहे.

पळायचं असेल तर

साधारण ७ च्या आसपास एक अडनिडा टप्पा येतो. चालायला तो वेग जास्त पडतो आणि पळायला कमी. बहुतेकांचे पाय तिथे आपोआप पळायला लागतात. या वेगात ओढूनताणून चालत राहू नका. एकतर ६ ते ६.५ वर चाला, नाहीतर ७.५ ते ८ वर सावकाश पळा.

६ च्या चालण्यावरून ८ च्या पळण्यावर गेलं की शरीराची प्राणवायूची मागणी दुपटीच्या आसपास जाते. म्हणून आधी भरभर चालणं अर्धा-पाऊण तास सहज जमलं पाहिजे. त्यानंतर १ मिनिट पळणं आणि २ मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्यांनी सुरुवात करा. दोन आठवड्यांनी पळण्याची मिनिटं वाढवा, वेग नको. दोन पळण्यांत एक दिवस मोकळा ठेवा.

मोकळ्या हवेत पळताना हवेचा विरोध सोसावा लागतो, मशीनवर तो नसतो. म्हणून वेगात पळणारे चढ १ टक्का ठेवतात. चालणाऱ्यांना त्याची गरज नाही.

वेग कमी करायचे दिवस

आपला आकडा एकदा सापडला म्हणजे तो रोज गाठायचाच, असा हट्ट नको. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत, पंखा नसलेल्या खोलीत घाम वाळत नाही आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. अर्ध्या तासानंतरही वेग तोच असताना ठोके हळूहळू चढतात. झोप कमी झाली, उपास असला, सर्दी-ताप येऊन गेला, तर त्या दिवशी वेग अर्धा ते एकने उतरवा. प्रतिज्ञा म्हणून पाहा, शरीर उत्तर देईल. ताप अंगात असताना मशीनवर चढूच नका.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहींनी रिकाम्या पोटी चालू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं आणि घाम फुटून हातपाय थरथरायला लागले तर लगेच थांबावं. मोजे-बूट नीट घालावेत आणि उतरल्यावर तळपाय रोज पाहावेत, कारण बधिर पायाला फोड आलेला कळत नाही. जुन्या मधुमेहात हृदयाच्या नसांवर परिणाम झालेला असेल तर नाडीचा आकडाही फसवतो. तिथेही श्वासच प्रमाण मानावा.

छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक धडधड किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम, यांतलं काहीही जाणवलं तर त्याच क्षणी व्यायाम थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढू नका. घरात लहान मूल असेल तर मशीन चालू असताना त्याला त्या खोलीत येऊ देऊ नका आणि वापरून झाल्यावर प्लग काढून क्लिप उंचावर ठेवा. फिरत्या पट्ट्यात बोटं अडकून होणाऱ्या जखमा फार वाईट असतात.

आजपासून एवढं करा

या आठवड्यात तीन-चार दिवस निवांत चालून मशीनची सवय करून घ्या. पुढच्या आठवड्यात चाचणी घ्या आणि तुमचे ‘हो’ आणि ‘हो, पण’ हे दोन वेग लिहून ठेवा. पुढचे सहा आठवडे आठवड्यातून पाच दिवस ‘हो’च्या वेगाने चाला, वाढ करायची ती आधी वेळेत करा आणि मग पुन्हा चाचणी घ्या. शेजारच्या मशीनवर कोण कितीवर पळतंय, इकडे लक्ष देऊ नका. ज्या वेगाने चालून झाल्यावर तुम्हाला उद्याही यावंसं वाटतं, तोच वेग वर्षानुवर्षं टिकतो, आणि हृदयाला, साखरेला, गुडघ्यांना फायदा होतो तो टिकलेल्या व्यायामाचाच.